तिसऱ्या प्रवेशातील अकरा खुणा

"ती थांबली की लगेच वाक्य द्यायचं," ओक्ताव्हियान ब्रेझू मला रोमानियन भाषेत बजावत होता. "विचार करत बसायचं नाही. विचार करणारा प्रॉम्प्टर आणि विचार करणारा सैनिक, दोघंही सारखेच धोकादायक."

मी हसले. पुरुषांच्या चटपटीत वाक्यांना मी त्या काळी वाङ्मयीन गुण देत असे.

२००४ सालचा फेब्रुवारी. सांगलीतील एका नाट्यगृहाच्या रंगपटात सकाळी दहा वाजता आम्ही उभे होतो. बाजारात नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. तिचा कडवट वास खिडकीतून आत येत होता आणि ब्रेझूला सारख्या शिंका येत होत्या. तो रोमानियातील क्लुज शहरातल्या एका नाट्यमंडळीचा दिग्दर्शक, बासष्ट वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा. त्याने लिहिलेले 'खिडकी क्रमांक चार' हे नाटक एका स्त्री-नाट्य महोत्सवासाठी आले होते. मंडळीच्या नेहमीच्या प्रॉम्प्टरबाईंना व्हिसा मिळाला नव्हता. रोमानियन वाचणारी माणसे महाराष्ट्रात किती आहेत हे मी कधी मोजले नव्हते. त्यांत आपण पहिल्या, एवढे मला पुरत असे. १९८१ ते ८३ ही दोन वर्षे मी क्लुजच्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर काढली होती. पुढे पुण्यात तौलनिक साहित्य शिकवताना या नाटकावर 'नामहीनतेचे सौंदर्यशास्त्र' नावाचा चाळीस पानी निबंध लिहिला, आणि तीन वर्षे खपून नाटकाचे मराठी भाषांतर पुरे केले. प्रकाशक तयार होता. अडले होते ते ब्रेझूच्या परवानगीच्या सहीपाशी.

"तिसऱ्या प्रवेशात विशेष लक्ष द्या," तो म्हणाला. "तिथंच ती हरवते."

ती म्हणजे वेतुरिया. त्याची पत्नी, आणि नाटकातली प्रमुख, जवळजवळ एकमेव भूमिका करणारी नटी.

"वर्षभर चाललंय हे." त्याने आवाज उतरवला. "मधेच भलतंच काहीतरी बोलायला लागते. संहितेत नसलेलं. आमचे डॉक्टर म्हणतात, अठ्ठावन्नाव्या वर्षी अशी सुरुवात होऊ शकते. मी तिला स्पष्ट सांगितलंय. आज नीट झालं तर दिल्लीचा प्रयोग तुझा. आज घसरलीस तर दिल्लीही इलिंकाची आणि पुढचं सगळंही."

इलिंका, सव्वीस वर्षांची मुलगी, कोपऱ्यात वेशभूषेच्या कोटाला इस्त्री करत होती. नाटकात तिला कचेरीतल्या झाडूवालीचे काम होते, दोन वाक्यांचे. तिने मान वर केली नाही.

"मी कुणाची जागा मागितलेली नाही, माएस्त्रे."

"मागणाऱ्यांना मी देतच नाही," ब्रेझू म्हणाला आणि जाता जाता त्याने तिच्या गालावर टिचकी मारली.

माएस्त्रे म्हणजे गुरुवर्य. आपल्याकडे 'सर' म्हणताना मान जेवढी झुकते तेवढीच त्यांच्याकडे या शब्दाला झुकते.

नाटक साधे होते. एक स्त्री सरकारी कचेरीच्या खिडकीशी दाखला मागायला येते. काचेमागचा कारकून दिसत नाही, फक्त त्याचा आवाज येतो. तो आवाज ध्वनिमुद्रित होता आणि ब्रेझूचाच होता. पहिल्या प्रवेशात आवाज विचारतो, कुणाची मुलगी? दुसऱ्यात, कुणाची बायको? तिसऱ्यात तीन वेळा विचारतो, नाव? आणि ती स्त्री शेवटी म्हणते: मला नाव नाही. मी पाणी आहे. मी माती आहे. ज्या ज्या स्त्रीला कधी विचारलं गेलं नाही, ती प्रत्येक स्त्री मी आहे. या भाषणावर माझ्या निबंधातली नऊ पाने खर्ची पडली होती.

दुपारी मी वेतुरियाला भेटले. आखूड कापलेले करडे केस, रुंद खांदे, स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात. आरशासमोर बसून ती कागदाच्या पुड्यातले भडंग खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"याला काय म्हणतात?"

"भडंग. तिखट लागतंय का?"

"भयंकर. आणखी मिळेल का?" तिने बोटे चाटली. "तुम्ही आमच्या शहरात होतात म्हणे."

"दोन वर्षं. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यापर्यंत. रोज इस्पितळांच्या रस्त्यानं ग्रंथालयात जायचे."

तिचा हात थांबला. "इस्पितळांच्या रस्त्यानं. काय वाचत होतात तिथं?"

"मध्ययुगीन विलापगीतं."

यावर ती इतकी मोठ्याने हसली की इलिंका दारातून डोकावली. "विलापगीतं! एवढ्या लांबून आलात. सापडली का पुरेशी?"

मी त्यांची वर्गवारी सांगू लागले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग, त्यांच्याकडचे 'बाईसाहेब' वापरून, म्हणाली, "दोआम्ना कुमुदिनी, एक मागणं आहे. पहिल्या दोन प्रवेशांत हवी तेवढी वाक्यं द्या. तिसऱ्यात देऊ नका. हात मांडीवर ठेवून बसा. काहीही झालं तरी."

"पण तुम्ही अडलात तर? दिल्लीचा प्रयोग—"

"दिल्लीचं मला माहीत आहे. मी अडणार नाही. तो प्रवेश मला येतो."

"सगळ्यांना असंच वाटतं."

"सगळ्यांना म्हणजे?"

'विसरणाऱ्या सगळ्यांना' हे शब्द मी गिळले. ते तिला ऐकू गेले असावेत.

"मग निदान ऐका," ती म्हणाली. "या गावात मी बोललेलं ऐकू शकणारी बाई एकच आहे. प्रॉम्प्टर म्हणून नको. नुसतं ऐका."

"लिहिलेल्या शब्दाशी मी प्रामाणिक राहीन," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा सुंदर वाटले होते.

"कुणी लिहिलेल्या?" तिने विचारले, पण तेवढ्यात ब्रेझू शिंकत आत आला आणि ती पुन्हा पुड्याकडे वळली.

साडेचारला उद्घाटन झाले. स्त्री-नाट्य महोत्सवाच्या मंचावर सात पुरुष बसले होते. समईची वात सारायला एक विद्यार्थिनी उभी होती. अध्यक्षांनी स्त्री ही आदिशक्ती असल्याचे पुराव्यानिशी सांगितले. स्वागतपर भाषणात वेतुरियाचा उल्लेख 'श्रीयुत ब्रेझू यांच्या सौभाग्यवती' असा झाला. मी त्याचे तिच्यासाठी भाषांतर केले. "सौभाग्य म्हणजे?" तिने विचारले. "नवरा जिवंत असणं." तिने ब्रेझूकडे एकदा बघून घेतले. "अच्छा," ती म्हणाली.

व्यवस्था अशी होती की प्रत्येक प्रवेशाआधी मी पडद्यापुढे येऊन मराठीत सारांश सांगायचा आणि मग विंगेत जाऊन संहिता धरायची. विंगेत माझ्यासाठी स्टूल मांडून ठेवले होते ते विष्णुअण्णा कोष्टी यांनी. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ नाट्यगृहाचा पडदा ओढत. त्याआधी हौशी मंडळींतून त्यांनी चाळीस वर्षे प्रॉम्प्टिंग केले होते.

"हितं बसा, बाई. हितनं नटाची मान दिसती."

"मला पान दिसलं म्हणजे पुरे, अण्णा."

"ते बी खरंच म्हना," ते म्हणाले आणि दोरीपाशी गेले.

पहिला प्रवेश निर्वेध पार पडला. दुसऱ्यात वेतुरियाने एकच शब्द मागेपुढे केला. माझ्या हातात टोकदार पेन्सिल होती. जिथे वाक्य द्यावे लागेल तिथे समासात खूण करायची, ही माझी सवय. दोन प्रवेशांचे समास कोरे राहिले. मला थोडी निराशाच वाटली, हे आज लिहायला हरकत नाही. आपली गरज पडावी असे विद्वानांना वाटत असते.

तिसऱ्या प्रवेशाआधी मी पडद्यापुढे उभी राहून म्हणाले, "आता कारकून तिला नाव विचारेल. ती सांगेल, की तिला नाव नाही. ती पाणी आहे, माती आहे." पाचशे माणसांना मी आधीच सांगून बसले, की ती काय म्हणणार आहे.

पडदा वर गेला. ध्वनिक्षेपकातून ब्रेझूचा आवाज आला: "नाव?"

संहितेप्रमाणे तिने गप्प राहायचे होते. तिने खिडकीकडे पाठ केली, प्रेक्षकांकडे तोंड केले आणि बोलू लागली.

"माझं नाव तुम्हाला ठाऊक होतं. पलंगाला टांगलेल्या पुठ्ठ्यावर ते लिहिलेलं होतं."

मी पान बघितले. असे वाक्य तिथे नव्हते. पुढचेही पान बघितले. मग पेन्सिलीने पहिली खूण केली आणि कुजबुजले, "मी पाणी आहे."

"चादर बदलू देत नव्हते," वेतुरिया म्हणाली. "डॉक्टर हात धुऊन दाराशी उभे होते. हातमोजे घातलेले."

"मी पाणी आहे." दुसरी खूण.

"त्यांना आत यायची परवानगी नव्हती. परवानगी तुमच्या हातात होती."

तिसरी. चौथी. मी आवाज वाढवला. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "विसरली वाटतं बाई." दुसरा म्हणाला, "वय झालंय हो."

मला एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ती सांगण्यासाठीच मी हे लिहिते आहे. तिची वाक्ये मला ऐकू येत होती. समजतही होती, त्या भाषेचे व्याकरण माझे पक्के आहे. पण ज्याच्या मांडीवर अधिकृत प्रत असते त्याला समोरच्या माणसाच्या तोंडून येणारे शब्द बोलणे म्हणून ऐकू येतच नाहीत, पाठभेद म्हणून ऐकू येतात. आणि पाठभेदाचे काय करायचे याचे शिक्षण मला उत्तम मिळाले होते. तो तळटीपेत टाकायचा, किंवा काढून टाकायचा.

वर ध्वनिकक्षात ब्रेझूने फीत मागे घेतली असावी. "नाव?" पुन्हा ऐकू आले, यावेळी कानठळ्या बसतील इतके मोठे. मी म्हणाले, "मी पाणी आहे. मी माती आहे." ती सरळ समोर बघत राहिली. तिच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. एका बाजूने ध्वनिक्षेपकातून नवऱ्याचा आवाज, दुसऱ्या बाजूने विंगेतून माझा, आणि मध्ये ती दोघांवरून आपला आवाज नेण्याचा प्रयत्न करत होती, जसे पुराच्या पाण्यातून कुणी मूल डोक्यावर धरून नेते.

"तुम्हाला दुसरं नाव हवं होतं. तिचं. आणि मी—"

"नाव?"

"मी पाणी आहे!" नववी खूण.

"—आणि मी ते दिलं. तुमच्या कानात. आज मी ते सगळ्यांसमोर—"

"मी पाणी आहे!" दहावी.

"तिचं नाव होतं—"

मी स्टुलावरून उठले. विंगेच्या कडेपर्यंत गेले, एक पाऊल प्रकाशात पडले असेल, आणि वर्गात मागच्या बाकांना ऐकू जावे अशा आवाजात मी उच्चारले: "मी पाणी आहे!"

अकरावी खूण मी नंतर, पुन्हा बसल्यावर केली.

ती थांबली. तिचे तोंड उघडे होते. मग ते मिटले, तिने दोन्ही हात पोटाशी घेतले आणि अगदी स्वच्छ, सुरेल, संहिताबरहुकूम आवाजात म्हणाली, "मला नाव नाही. मी पाणी आहे. मी माती आहे. ज्या ज्या स्त्रीला कधी विचारलं गेलं नाही—"

प्रेक्षक उभे राहिले. टाळ्या चार मिनिटे चालल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले.

ब्रेझू धावत खाली आला आणि त्याने माझ्या हाताचे चुंबन घेतले. "तुम्ही प्रयोग वाचवलात! प्रत द्या बघू." मी प्रत दिली. त्याने उभ्या उभ्या समासातल्या खुणा मोजल्या. "अकरा," तो म्हणाला, अत्यंत दुःखाने, आणि प्रत कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मला वाटले, आठवण म्हणून ठेवतो आहे.

विष्णुअण्णा दोरीला गाठ मारत होते. मी पर्स उचलली, तेव्हा ते जवळ आले.

"बाई, एक बोलू? राग मानू नका."

"बोला ना."

"त्या इसरल्या न्हवत्या."

"अण्णा, तुम्हाला त्यांची भाषा येत नाही."

"न्हाई येत. पर पुस्तक धरणाऱ्याला भाषेच्या आधी मान कळाय लागती. इसरलेला मानूस विंगेकडं बघतो, बाई. तान्हेला पान्याकडं बघतो तसा. ह्या बाईंच्या कानावर तुम्ही अकरा डाव आवाज घातला, आनि त्यांनी एकदाबी मान वळवली न्हाई." त्यांनी गाठ ओढून घट्ट केली. "त्या तुमच्यापासनं पळत हुत्या."

सौजन्याने बोललेले इतके क्रूर वाक्य मी त्याआधी वाचले नव्हते, आणि मी पुष्कळ वाचले होते. तिथेच, रिकाम्या विंगेत, तिची वाक्ये एकेक करून परत आली. पुठ्ठा. चादर. हातमोजे. दाराशी थांबवलेले डॉक्टर. त्या देशात त्या काळी गर्भपात गुन्हा होता, हे मला अर्थातच माहीत होते; माझ्या निबंधात त्या कायद्याचा क्रमांकासकट उल्लेख होता. तळटीप सतरा.

रंगपटात वेतुरिया एकटीच बसली होती. खोबरेल तेलाने रंग उतरवत होती.

"कोणतं साल होतं?" मी विचारले.

तिने आरशातून माझ्याकडे बघितले. "त्र्याऐंशी. मार्च."

म्हणजे मी तिथेच होते. त्याच रस्त्याने, हातात विलापगीतांची कार्डे घेऊन, रोज सकाळी नऊ वाजता.

"रक्त थांबत नव्हतं," ती म्हणाली. बाजारभाव सांगावा तशा आवाजात. "सरकारी वकील उशाशी खुर्ची टाकून बसला होता. म्हणाला, जिनं केलं तिचं नाव दे, मग डॉक्टर हात लावतील. संध्याकाळपर्यंत मी दिलं नाही. मग दिलं. ती शिवणकाम करायची, दोन मुलं होती. तिचा पत्ता ओक्ताव्हियाननंच शोधून आणला होता. तिला पाच वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या हिवाळ्यात आतच गेली."

"आणि नाटक?"

"इस्पितळात तापाचे तक्ते असतात ना, त्यांच्या पाठीवर मी लिहिलं होतं. सत्तेचाळीस कागद. खुर्ची होती, खिडकी नव्हती. खिडकी त्याची." तिने कापसाचा बोळा टाकून दुसरा घेतला. "पाणीही त्याचं."

"मला सांगायचं होतंत! दुपारी—"

"सांगितलं की. गप्प बसा, असं सांगितलं. तेवढंही कठीण गेलं तुम्हाला."

मी विचारले, "ते नाव काय होतं?"

"सहा वाजता ते माझ्या जिभेवर होतं."

"आता सांगा. मी छापीन. प्रस्तावनेत लिहीन, वर्तमानपत्रात—"

"आता? या खोलीत? तुम्हाला एकटीला?" पहिल्यांदाच तिचा आवाज फाटला. "कानात तर मी ते पहिल्यांदाही सांगितलं होतं, बाई! कानातच सांगितलं होतं! वीस वर्षं मी पाचशे माणसं शोधत होते. तिकडं सुरुवात करायचे, पण नावापर्यंत कधी धीर पोचला नाही. म्हटलं, परक्या गावात एकदा जीभ उलटू दे, एका बाईला तरी समजू दे, मग घरीही उलटेल." तिने तोंडावर हात घेतला. बोटांच्या मागून म्हणाली, "समजणारी बाई मिळाली, तीही अशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात ब्रेझूने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर त्याची सही होती: मराठी भाषांतराची परवानगी. दुसरा रोमानियन भाषेत टंकलेला होता आणि सहीची जागा माझी होती. त्यात एवढेच म्हटले होते, की सांगली येथील प्रयोगात तिसऱ्या प्रवेशात प्रमुख नटीला अकरा वेळा वाक्य द्यावे लागले, याची मी, अमुक विद्यापीठाची पदवीधर, साक्षीदार आहे.

"कशासाठी?"

"आमच्या नाट्यगृहाच्या मंडळासाठी. आणि डॉक्टरांसाठी. तिची काळजी घ्यायची तर कागद लागतात."

"ती विसरत नाही," मी म्हणाले.

"मग काय करत होती, दोआम्ना?"

त्याने खुर्ची जवळ ओढली. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर मला सोपे गेले असते. तिथे फक्त थकवा होता.

"म्हणजे तिनं सांगितलं तुम्हाला. आता माझं ऐका. त्या बाईचा धाकटा मुलगा आमच्याच नाट्यगृहात दारावर उभा राहून तिकिटं फाडतो. त्याची आई कुणामुळं गेली हे त्याला माहीत नाही. रोज तो वेतुरियाला कोट घालायला मदत करतो. तिनं घरी जाऊन ते वाक्य उच्चारलं, तर काय होईल? वीस वर्षं मी तिला त्या वाक्यापासून वाचवतो आहे."

"आणि पत्ता? तो तर तुम्ही आणला होता."

रस्त्यावर हळदीच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक वळत होता, तिकडे त्याने बघितले.

"हो," तो म्हणाला. "तेही त्याच वाक्यात येतं."

"ते सत्तेचाळीस कागद तिचे होते."

"कागद तिनं लिहिले. नाटक मी लिहिलं. तुम्ही प्राध्यापक आहात, फरक तुम्हाला समजायला हवा."

समोर पेन होते. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला वेतुरिया बॅगेवर बसली होती, मोटारीची वाट बघत. इलिंका तिच्या शेजारी उभी होती. दोघींपैकी कुणीही आमच्याकडे बघत नव्हते. मी दुसरा कागद पुन्हा वाचला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अकरा हा आकडा माझाच होता. दिनांक बरोबर होता. नावाचे स्पेलिंगसुद्धा अचूक होते. संहिता-संशोधनात ज्याला निर्दोष विधान म्हणतात, तसे ते विधान होते. आणि आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले होते, की जेवढे पुराव्याने सिद्ध होते तेवढेच म्हणावे, त्याच्या पलीकडे जाऊ नये.

मी सही केली. मग परवानगीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

मोटार आली. वेतुरिया उठली आणि जाताना माझ्यासमोर थांबली. मला वाटले, ती काही बोलेल. तिने माझ्या बोटांकडे बघितले, शाई कुठे लागली आहे का ते पाहावे तसे, आणि ती पुढे गेली.

'खिडकी क्रमांक चार' २००५ साली मराठीत आले. मुखपृष्ठावर लेखक म्हणून ओक्ताव्हियान ब्रेझूचे नाव आहे, खाली माझे. तीन आवृत्त्या निघाल्या. दोन ठिकाणी ते अभ्यासक्रमात लागले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मुली तिसऱ्या प्रवेशातले भाषण एकपात्री म्हणून सादर करतात, काळी साडी नेसून, पोटाशी हात धरून. परीक्षक म्हणून मला बोलावतात. शब्द चुकला की मी गुण कापते.

वेतुरियाला मी अकरा वर्षांत सहा पत्रे पाठवली. प्रत्येकात एकच प्रश्न होता. मी फक्त एक नाव विचारत होते. एकाचेही उत्तर आले नाही. सातवे नाट्यगृहाच्या पत्त्यावर पाठवले, त्याचे आले. इलिंकाचे होते. तिने लिहिले होते: माएस्त्रे चार वर्षांपूर्वी निवर्तले. वेतुरियाची भूमिका आता मी करते. ती शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात आहे. डॉक्टरांनी तेव्हा सांगितले होते ते उशिरा का होईना खरे ठरले. आता ती कुणाला ओळखत नाही. तुमचा प्रश्न मी तिला दोनदा वाचून दाखवला. तिला तो समजला असे वाटले नाही. मात्र रोज दुपारी ती खिडकीपाशी उभी राहून तिसऱ्या प्रवेशातले भाषण म्हणते. पाणी, माती, सगळे. एकही शब्द चुकत नाही, कुणाला वाक्य द्यावे लागत नाही.

हे कळल्यावर तुम्हाला समाधान वाटेल, असे इलिंकाने शेवटी लिहिले होते.